मापं वहीत उतरवायची राहिली

मित्रांनो, पाठ सुतळीने बांधलेली दिसते म्हणून मला हसू नका. मी शिवणकामाच्या दुकानातली जुनी मापवही आहे. एका बाइंडरने मला खळ लावून, दाबात ठेवून घडवलं आणि मी थेट वहिनींच्या कापायच्या टेबलावर आले.

वहिनी माप घ्यायच्या आणि लगेच माझ्यात लिहायच्या. नाव, पत्ता, फोन, छाती, कंबर. शेजारी बारीक अक्षरात खरी गोष्ट: 'पोट आत ओढून उभे राहतात, दोन बोटं वाढव.' गिऱ्हाइकं म्हणायची, "या वहीला आमची सगळी अंडीपिल्ली ठाऊक." मला फार अभिमान वाटायचा.

मग वहिनींच्या नणंदेने नोकरी सोडली आणि फोनवर दुकानाचं खातं उघडलं. फोटो चढले, गिऱ्हाइकं वाढली. मापंही तिथेच निरोपात येऊ लागली. वहिनी पेन घेऊन बसल्या की नणंद म्हणायची, "वहिनी, एकदा आलंय ना तिथे? परत कशाला उतरवताय?" त्यांनीही पेन ठेवलं. माझ्यावर गरम इस्त्री टेकवली जाऊ लागली.

एका गुरुवारी सकाळी नणंद फोन हातात घेऊन उभीच राहिली. खातं बंद. का, कुणी केलं, काही नाही. दाद मागायची तर एक अर्ज भरायचा आणि वाट बघायची.

रविवारी एका गायनमंडळाचा कार्यक्रम होता. बारा जणांची जाकिटं शिवायची होती. निळं कापड टेबलावर होतं आणि बाराही मापं त्या बंद खात्यात.

"मंडळाच्या बाईंना फोन लाव," वहिनी म्हणाल्या.

"नंबर नाही."

"नाव?"

"तिथे 'सूरपाखरू' असं होतं."

"वन्सं, आता मी सूरपाखराला कुठल्या झाडावर शोधू?"

नणंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं मोठं काम दुकानाला पहिल्यांदाच मिळालं होतं आणि तिच्याच भरवशावर घेतलं होतं. वहिनींनी कात्री उचलली, परत ठेवली. मापाशिवाय कात्री लावायची कशी?

"मी दुकानात नसताना कापड द्यायला बाई स्वतः आल्या होत्या ना? दिसायला कशा होत्या?"

"उंच. चष्मा. आणि पिशवी सारखी घसरत होती खांद्यावरून."

"कुठल्या?"

"डाव्या."

वहिनींनी इस्त्री बाजूला केली आणि मला उघडलं. पानामागून पान उलटलं. आठ वर्षांपूर्वीच्या एका पानावर त्या थांबल्या: 'डावा खांदा उतरता, आत गादी घाल. गाणं शिकवतात.'

फोन लावला. नंबर अस्तित्वात नव्हता. माझ्याच पोटातला नंबर शिळा निघाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पत्ता तेवढा उरला होता: बेकरीच्या वर, दुसरा मजला. नणंद चपला घालून धावली.

दुपार झाली. वहिनींनी मशीनला तेल दिलं, घड्याळ पाहिलं, परत तेल दिलं. पाच वाजले, सहा वाजले. मग जिन्यावर पुष्कळ पावलं वाजली. पुढे बाई, मागे सगळं मंडळ.

वहिनींनी टेप काढला. नणंद माझ्यात लिहू लागली. एक गोलमटोल काका टेपकडे बघून पुटपुटले, "मी निरोपात अडतीस कळवलं होतं."

"बेचाळीस," वहिनी म्हणाल्या. "काका, अडतिसात तुम्ही गायला असतात, पण श्वास कुठून घेतला असतात?"

नणंद त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

रविवारी दुपारी शेवटचं बटण लागलं. कार्यक्रमाला दीड तास उरला होता.

खातं अकरा दिवसांनी उघडलं, तेही कारण न सांगता. नणंद पुन्हा फोटो टाकते. नवी माणसं तिथून येतात, येऊ देत. पण माप दुकानात, टेपनेच घ्यायचं आणि नाव, नंबर, पत्ता आधी माझ्यात लिहायचा, हा आता तिचाच नियम आहे.

मित्रांनो, तुमच्या घरचं असं छोटं दुकान असेल, तर आपली माणसं दुसऱ्याच्या कुलपात ठेवू नका. आपल्या हातच्या वहीत लिहा. आणि लिहून निवांत बसू नका. माणसं घरं बदलतात, नंबर बदलतात. अधूनमधून दार वाजवून विचारा, "तुम्ही इथेच आहात ना?" त्या गुरुवारी बेकरीवरची बाई अजून तिथेच राहत होती, हे आमचं नशीब. त्यात माझी हुशारी काहीच नव्हती.