पाण्याशिवायचं इंजिन

कवठे येमाईच्या सोसायटीनं ट्रॅक्टर घेतला तेव्हा बघायला जमलेल्यांनी आधी एकच विचारलं, यात पाणी कुठं ओतायचं? चालवायला ठेवलेला इनुस म्हणाला, कुठंच नाही. ह्याचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. पुढं पट्ट्यावर फिरणारा पंखा होता, तो इंजिनाच्या अंगावरच्या पात्यांमधून वारा हाकलायचा. लोक खूश झाले. जिथं माणसांना पाणी पुरत नाही तिथं बिनपाण्याचं इंजिन आलं!

इनुसला मात्र पहिल्यापासून त्याची धास्ती होती. सात वर्षं त्यानं शिरूरला ट्रक चालवला होता. ट्रक तापला की वाफ सोडून बोंब मारायचा. हे मुकं होतं. तापलं तरी तसंच धडधडत राहायचं आणि एकाएकी अडकायचं. एकसष्टच्या उन्हाळ्यात झालंच तसं. नांगरट चालू असताना पंख्याचा पट्टा तुटला, उष्णता दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा तांबड्यात गेलेला इनुसनं पाहिला नाही आणि इंजिन जागेवर जाम झालं. मुंबईहून सामान येईपर्यंत अडीच महिने ट्रॅक्टर उभा होता. सभेत काहीजण म्हणाले, ह्याला काढा. चेअरमन बापूसाहेबांनी त्याला ठेवून घेतलं, पण जाताना म्हणाले, "पुन्हा जाळलंस तर माझाबी इलाज न्हाई, इनुस."

तेव्हापासून त्याच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. अर्ध्या अर्ध्या तासानं तो इंजिन थांबवून वास घ्यायचा, पत्र्याजवळ तळहात धरायचा. जेवताना उठून आवाज ऐकायला जायचा. "इनुस ट्रॅक्टरची नाडी बघतोय," पोरं हसायची. त्याची बायको रशिदा म्हणायची, "घरात लेकीला ताप आला तर मला सांगावं लागतं, आन् त्या लोखंडाचं तुमास्नी झोपेत कळतं."

बासष्टच्या पावसाळ्यात बाभळीच्या फांदीत अडकून घड्याळाची तार तुटली आणि काटा मेला. नवी तार कधी येईल सांगता येत नव्हतं. इनुस ट्रॅक्टर घेऊन शिरूरला बापाकडं गेला. मीरासाहेबांचा भांड्यांना कल्हई करण्याचा धंदा. चाळीस वर्षं त्यांनी विस्तवासमोर काढली होती. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "कथलाचं एक असतं बघ. ठरल्या उष्णतेलाच पाघळतं. न आधी, न मागनं. त्यात शिसं मिसळलं की त्याच्याबी आधी पाघळतं."

त्यांनी इंजिनाच्या माथ्यावर दोन ताणलेल्या तारा वितळलेल्या कथलाचा डाक देऊन बसवल्या, एक शिसं मिसळून, एक नुसत्या कथलानं. दोन्ही तारांना तांबडी चिंधी बांधली. डाक पाघळला की तार उसळून सुटणार आणि चिंधी खाली पडणार. "पहिली पडली तर थांब," मीरासाहेब म्हणाले. "दुसरी पडली तर थांबूनबी उपेग न्हाई."

नोव्हेंबरात चीनच्या लढाईच्या बातम्या रोज येत होत्या. एका संध्याकाळी गावात तार आली. रजेवर आलेल्या चार जवानांनी ताबडतोब हजर व्हायचं होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचची गाडी दौंडला गाठायची होती. सकाळी एसटी आलीच नाही. आठ वाजता बापूसाहेब इनुसच्या दारात उभे राहिले.

"ट्रॉली जोड. पोरांना दौंडला सोडायचं."

"पन्नास मैल हायेत, बापूसाहेब. आठवडाभर बाजरीच्या मळणीवर होता, पंख्यात भुसा बसला आसंल. अर्धा तास द्या, साफ करतो."

"अर्धा तास न्हाई. तिकडं मानसं मरत्यात."

इनुस ट्रॉली जोडायला गेला. 

ट्रॉलीत चार जवान बसले, बापूसाहेब बसले, आणि मच्छिंद्रची आई विठाबाई पाण्याची कळशी घेऊन बसली. मच्छिंद्र तेवीस वर्षांचा, चौघांत सगळ्यात लहान. विठाबाईची दोन पोरं पटकीनं गेली होती, नवराही गेला होता. ती दौंडपर्यंत येणार म्हणाली तेव्हा कुणी नको म्हटलं नाही. निघताना इनुसनं सगळ्यांना बजावलं, "कळशी तिकडं मागं ठेवा. इंजिन तापल्यावर थेंबबी पडू देऊ नका, माथा तडकंल."

शिरूरला लोकांनी ट्रॅक्टर अडवला. हार, नारळ, घोषणा. पाऊण तास तिथंच गेला. इनुस खाली उतरून चिंध्यांकडं बघत राहिला. कुणीतरी त्याच्याही गळ्यात हार घातला, तो त्यानं काढून ट्रॉलीत टाकला.

न्हावरे मागं पडलं आणि चढावर आवाज जड झाला. तेलाचा करपट वास आला. इनुसनं मान वाकडी करून पाहिलं तोवर पहिली चिंधी खाली गेली होती.

त्यानं ट्रॅक्टर बाजूला घेतला आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" बापूसाहेब ओरडले.

"तापलंय. पाऊण तास तरी लागंल."

"दोन वाजून गेल्यात! अजून पंधरा मैल हायेत. हळू चालव, पन चालव."

"दुसरी तार सुटली तर एक मैलबी जायचं न्हाई. मग पोरं चालत जात्याल का?"

बापूसाहेबांनी धोतराचा सोगा झटकला आणि ते सडकेवर येरझाऱ्या घालू लागले. मधेच हाताचा आडोसा करून दोन्हीकडं बघत, एखादा ट्रक येतोय का. जवान लिंबाखाली उभे राहिले. मच्छिंद्र मनगटावरचं घड्याळ दर मिनिटाला बघत होता. इनुसनं पंख्याचं झाकण काढलं. आत भुसा घोंगडीसारखा दाबून बसला होता. हात घालायची सोय नव्हती, चटका बसत होता. खरवडायला तरवडाची काटकी आणावी म्हणून तो बांधाकडं गेला.

परत वळला तेव्हा विठाबाई इंजिनाजवळ उभी होती. कळशी तिनं दोन्ही हातांनी खांद्याएवढी उचलली होती.

"मावशी!" इनुस धावला आणि त्यानं कळशीचा काठ धरला.

"तापलंय न्हवं? गार करते."

"सकाळी सांगितलं न्हाई का? पानी पडलं की फुटंल ते."

"सांगितलंस की." तिनं कळशी सोडली नाही. आवाजही चढवला नाही. "म्हनून तर वतते."

इनुसला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं.

"एक गाडी चुकंल," ती म्हणाली. "उद्या जाईल, परवा जाईल. तवर काय तरी निवंल तिकडं. दोन दिस मागते मी, लई मागते का? सोड."

तिच्या मनगटाच्या शिरा ताणल्या होत्या. इनुसला आपली तापानं फणफणलेली लेक आठवली, सभेतली माणसं आठवली, अडीच महिने पत्र्याखाली उभा असलेला ट्रॅक्टर आठवला. तिला सांगण्यासारखं काही मोठं, चांगलं त्याला सुचायला हवं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "माझं इंजिन हाय हे, मावशी."

"तुझं इंजिन," विठाबाई म्हणाली. "आन् ह्यो माझा पोरगा."

तिनं हात सोडले. कळशी इनुसच्या हातातून निसटून सडकेच्या कडेला आदळली आणि पाणी धुळीत जिरून गेलं.

मच्छिंद्र धावत आला. "काय झालं?"

"कळशी घसरली," इनुस म्हणाला.

मच्छिंद्रनं आईकडं पाहिलं. ती पाठ फिरवून ट्रॉलीत जाऊन बसली होती. मग त्यानं गणवेशाच्या बाह्या वर सरकवल्या आणि तोही भुसा काढायला बसला. दोघांची बोटं भाजत होती. 

"आई काय म्हनली?" त्यानं हळूच विचारलं.

"काय न्हाई."

"सकाळपास्नं माझ्याशी शब्द बोलली न्हाई ती." त्यानं भुशाची एक गठळी ओढून काढली. "मी जाऊ नको म्हनली आसती तरी गेलोच आसतो, इनुसभाऊ. पन म्हनायला तरी पायजे व्हतं."

इनुसनं खाली मान घालून पाती खरवडली.

पट्टा ताणून, झाकण बसवून तो निघाला तेव्हा तीन वाजले होते. आता एकच चिंधी उरली होती. इनुसनं बापूसाहेबांना आपल्या शेजारी चाकावरच्या पत्र्यावर बसवलं आणि म्हणाला, "मी रस्ता बघतो, तुम्ही त्या तारंवरची नजर काढू नका. हलली तरी सांगा." तालुक्यात ज्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे ते बापूसाहेब पुढचे पंधरा मैल चिंधीकडं डोळे लावून बसले. धुरळ्यानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यांनी पुसलं नाही, पुसताना चिंधी पडली तर? "हाय," ते मधूनमधून म्हणत. "हाय अजून."

चढ आला की इनुस वेग कमी करायचा, मागून कुणीतरी "अरे चाल की!" ओरडायचं, आणि उतारावर तो इंजिनाला श्वास घेऊ द्यायचा. वाटेत दोनदा तो थांबला. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा एक जवान उडी टाकून चालतच निघाला, त्याला पुढं जाऊन पुन्हा उचलून घेतलं. भीमा ओलांडली तेव्हा सव्वापाच झाले होते. दूरवर शिट्टी ऐकू आली. ही येणाऱ्या गाडीची का जाणाऱ्या गाडीची, कुणालाच सांगता येईना.

गाडी फलाटावर उभी होती. सगळे डबे लष्करी पोरांनी भरलेले. चौघं धावले. मच्छिंद्र अर्ध्या वाटेतून मागं आला, आईच्या पायावर डोकं ठेवलं. विठाबाईनं त्याच्या कॉलरवरचा भुसा झटकला, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा हात उचलला तोवर शिट्टी झाली आणि तो पळाला. कुठल्या डब्यात चढला तेही तिला दिसलं नाही. ती गाडीबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेली आणि तिथंच उभी राहिली.

बापूसाहेबांनी इनुसच्या पाठीवर थाप मारली. "राखलीस लेका गावाची आब्रू!"  इनुसला आनंद व्हायला हवा होता. इंजिन शाबूत होतं, गाडी मिळाली होती. पण तो टोकाशी उभ्या असलेल्या बाईकडं बघत होता आणि मनात एकच किडा वळवळत होता, कळशीला हात घातला नसता तर?

दुसऱ्या दिवशी परतताना विठाबाई ट्रॉलीत इंजिनाकडं पाठ करून बसली. गावात आल्यावरही ती इनुसशी बोलेना. वाटेत दिसला तर पदर ओढून पलीकडून जायची. लढाई थांबल्याचं रेडिओवर सांगितलं. बाकीच्या तिघांची पत्रं आली. मच्छिंद्रचं आलं नाही. इनुस पोस्टाच्या दिवशी काही ना काही निमित्त काढून चावडीकडं फिरकायचा, पोस्टमनला विचारायचा आणि परत येऊन ट्रॅक्टरची पाती साफ करत बसायचा. स्वच्छ असली तरी.

जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी विठाबाई त्याच्या दारात आली. हातात पाकीट होतं, न फोडलेलं.

"वाच," ती म्हणाली. "मास्तराकडं न्हाई नेलं. तूच वाच."

रशिदानं तिला बसायला पोतं टाकलं. इनुसनं पाकीट फोडलं. अक्षर मच्छिंद्रचं नव्हतं, कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. त्यानं आधी मनात भराभरा नजर फिरवली.

"जित्ता हाय, मावशी."

विठाबाईनं डोळे मिटले. "वाच."

त्यानं वाचलं. मच्छिंद्र दवाखान्यात होता. बर्फात चार दिवस चालावं लागलं, उजव्या पायाची तीन बोटं कापावी लागली. हातांनाही पट्ट्या बांधल्यात म्हणून दुसऱ्याकडून लिहून घेतोय. जेवण बरं मिळतं. आईनं काळजी करू नये.

"चालता येतंय का त्याला?"

"लिवलेलं न्हाई."

"हात कशानं बांधल्यात?"

"तेबी न्हाई लिवलेलं."

तिनं रिकामं पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं. इनुसला वाटलं, आता ती तो दिवस काढेल, ती सडक, ती कळशी. त्यानं मनाची तयारीही केली. पण विठाबाई म्हणाली, "पुन्यांदा वाच."

त्यानं पुन्हा वाचलं. मग तिनं रशिदाकडं पाणी मागितलं, तांब्या रिकामा केला, आणि तोंड पुसत म्हणाली, "कागद हाय का तुझ्याकडं? घे. लिव. सगळं इचार त्याला. चालतो का, कवा येतो, आन् हाताचं काय ते."

इनुसनं लेकीच्या वहीतलं पान काढलं आणि पेन्सिल हातात घेतली.