मुदतीनंतर आलेल्या अर्जांचा शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे, मित्रांनो. माझ्या अंगावर दोनच शब्द आहेत, 'मुदतीनंतर प्राप्त'. शेवटचं अक्षर झिजल्यामुळे कागदावर आता नुसतं 'मुदतीनंतर प्रा' उमटतं.

बोळातल्या एका लहानशा दुकानात माझा जन्म झाला. त्याच रबरातून 'मंजूर' हा माझा भाऊही कापला गेला. आम्ही दोघं परवाना कार्यालयात एकाच टेबलावर आलो. त्याला पाहून लोकांचे चेहरे खुलत, मला पाहून पडत. मला त्याची सवय झाली, पण बरं कधीच वाटलं नाही.

टेबल एका कारकुनाचं होतं. माणूस वाईट नव्हता, पण नवी शाई मागवायचा त्याला भारी कंटाळा. पॅड सुकला की तो माझ्यावर तोंडाची वाफ सोडायचा आणि दणकन ठोकायचा.

मोठी माणसं संध्याकाळी पेय घेऊन गप्पा मारत बसतात त्या पबना अकराला बंद व्हावं लागे. खास प्रसंगी उशिरापर्यंत उघडं ठेवायचं असेल, तर तीन आठवडे आधी अर्ज करायचा, असा नियम होता.

एकदा एक पबवाल्या बाई अर्ज घेऊन आल्या. शहराचा फुटबॉल संघ अंतिम फेरीत गेला होता. सामना लांबच्या देशात होता आणि आपल्याकडे रात्री दहाला सुरू होणार होता. बाईंचे वडील एकेकाळी त्याच संघाचे गोलरक्षक. आता वय एकोणऐंशी. जुन्या दोन सोबत्यांबरोबर पबच्या कोपऱ्यात बसून त्यांना तो सामना बघायचा होता. घरी टीव्ही आहे, पण सोबत ओरडायला कोण, असं ते म्हणत. सामन्याला पाच दिवस उरले होते. कारकुनाने माझ्यावर वाफ सोडली. मध्यंतर संपतं न संपतं तोच तिन्ही म्हाताऱ्यांना काठ्या सावरत फुटपाथवर यावं लागलं.

चार वर्षांनी संघ पुन्हा रंगात आला. या वेळी बाई रात्रीच्या अंतिम सामन्याच्या तीन आठवडे आधीच हजर. कारकून म्हणाला, उपांत्य सामना अजून व्हायचाय, प्रसंगच नाही तर परवानगी कशाची? उपांत्य सामना जिंकल्यावर त्या परत आल्या, तेव्हा पुन्हा माझीच पाळी.

"मग मी नक्की कधी यायचं, तेवढं सांगा," बाई शांतपणे म्हणाल्या.

कारकुनाने शिक्का मारलाच. त्या दुपारी माझं अंग फार दुखलं.

पण बाईंचा प्रश्न त्याच्या डोक्यातून जाईना. त्याने कपाटं उपसली, माझा ठसा असलेले दोनशे नऊ अर्ज काढले आणि गठ्ठा बांधून वर पाठवला. कागद वर गेला की वरच राहतो. तीन वर्षं गेली. मग हुकूम आला, खास प्रसंगी सगळ्या पबना मिळून एकच परवानगी, कोणीही अर्ज करायचा नाही. योगायोगाने त्याच वर्षी संघ पुन्हा अंतिम फेरीत होता आणि सामना पुन्हा रात्री दहाला.

सामन्यानंतर बाई वार्षिक परवान्यासाठी आल्या. वडिलांनी बघितला ना सामना, असं कारकुनाने मोठ्या उत्साहाने विचारलं.

"साडेदहालाच झोप लागली त्यांना," बाई म्हणाल्या. "शहाऐंशी वय. मी उठवलं नाही, घरीही नेलं नाही. आपला गोल झाला, सगळा पब ओरडला, तेव्हा दचकून जागे झाले. काय झालं ते न कळताच सगळ्यांबरोबर ओरडले आणि परत झोपले."

अर्ज पुढे सरकवत त्या म्हणाल्या, "सात वर्षांपूर्वी पूर्ण बघितला असता हो त्यांनी."

कारकून कागद चाळत राहिला.

आता मला काम नाही. खणात पडून असतो आणि खरं सांगतो, फार थकलोय. मित्रांनो, मोठे झाल्यावर तुमच्याही टेबलावर अर्ज येतील. तारीख जरूर बघा. पण त्याआधी समोरच्या माणसाला एवढं विचारा, की हे कोणासाठी हवंय आणि त्यांचं वय काय.