बदकांविरुद्ध सत्तेचाळिसावा डाव

घड्याळजी बदकांकडून पंचेचाळीस वेळा हरला होता, आणि रविवारी संध्याकाळी सहाला बदकं कायमची जाणार होती. म्हणजे कंपनी तो संगणकावरचा खेळच बंद करणार होती. त्याआधी शेवटची पातळी जिंकायचीच, असं त्याने शनिवारी दाढी करताना आरशाला बजावलं.

खेळ आळीपाळीच्या चालींचा. एक चाल आपली, एक बदकांच्या राणीची. नकाशा सगळ्यांना एकच. त्याच्या ताईने, बस आगारात वेळापत्रकं लावणाऱ्या बाईने, तो चाळीस चालींत जिंकला होता. मग दोघांनी पद्धत ठरवली: आपापला डाव चालीगणिक वहीत लिहायचा, वह्या शेजारी ठेवायच्या, पहिला फरक दिसेल तिथे लाल खूण करायची आणि पुढच्या डावात तेवढंच सुधारायचं. पद्धत चोख. फक्त तीन आठवड्यांत एकही फरक सापडला नव्हता.

शनिवारी ताई त्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात आली, त्याची वही पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली आणि चष्मा काढला.

"अरे, ह्यात तर तू चाळिसाव्या चालीला जिंकलायस."

"हो का?"

"माझ्या चुकांसकट. मग हरलास कसा?"

घड्याळजीने टेबलावरचा स्क्रू उगाच इकडचा तिकडे केला. गिऱ्हाइकाच्या घड्याळातला सेकंदही त्याने कधी चोरला नव्हता. पण डाव संपल्यावर वही लिहिताना लाजिरवाणी चाल दिसली, की हात आपोआप ताईच्या वहीबरहुकूम ती दुरुस्त करायचा. धंदा हाडात मुरला होता.

"डाव दुरुस्त कर, मेल्या, वही नको! आता लिहायला दुसरं कुणीतरी बसव. खेळातलं ओ की ठो न कळणारं."

असं माणूस घरात तयारच होतं. सासूबाईंनी कचेरीत जन्मभर बैठकांची टिपणं काढली होती. त्यांनी पेन्सिलीला टोक केलं.

शेहेचाळिसावा डाव दुपारी हरला. नोंद अशी: "चाल दहा: जावईबापू शांत. चाल अकरा: एक बदक आलं. जावईबापू 'थांब, दाखवतोच' म्हणत पूल सोडून त्याच्यामागे धावले. चाल बारा: रिकाम्या पुलावरून सातशे बदकं आत आली. जावईबापू 'शी' म्हणाले."

"आई, 'शी' कशाला लिहिलंत?"

"म्हणालात ना?"

ताईच्या वहीत अकराव्या चालीसमोर लिहिलं होतं: काही केलं नाही. तिने लाल पेन उघडलं. "ते बदक आमिष आहे. पूल धरून बसायचं, बस."

"एवढंच?"

"तेवढंच तुला शेहेचाळीस वेळा जमलं नाही."

रविवारी पाचला त्याने दुकानाचं दार लावलं. अकराव्या चालीला बदक आलं, वळलं आणि शेपूट हलवून दाखवू लागलं. घड्याळजीचा हात माउसकडे सरकला. मग त्याने डोळ्याला भिंग लावलं, एक मनगटी घड्याळ उघडलं आणि चिमट्यात सगळ्यात बारका स्क्रू धरला. असा स्क्रू हातात असताना हा माणूस शिंकतही नसे.

"जावईबापू, डाव चाललाय की दुकान?"

"दोन्ही." त्याने कोपराने 'थांबा'ची कळ दाबली. बाराव्या चालीला पुन्हा कोपर. तेराव्यालाही, आणि पुढच्या दोन चालींनाही. सोळाव्या चालीला राणीचाच धीर सुटला आणि सातशे बदकं एका रांगेत, अडवलेल्या पुलावर चालून आली. तेव्हा कुठे त्याने स्क्रू खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी खेळायला घेतलं.

सहाला तीन मिनिटं असताना, एकोणचाळिसाव्या चालीला, राणीने मुकुट उतरवला. बक्षीस म्हणून एक बदक मिळालं. सहाला पडदा काळा झाला, बदकही गेलं.

"आई, कोपराचं लिहिलंत?"

"पाचही वेळा."

त्याने खोडरबर उचललं. थोडा वेळ हातात धरलं, मग सासूबाईंच्या पेन्सिलीशेजारी ठेवून दिलं आणि पानांचे फोटो ताईला जसेच्या तसे पाठवले.

तिचा लगेच फोन आला. "एक चाल कमी? आणि कोपर काय भानगड आहे? माझ्या वहीत कोपर नाही."

"अगं, खेळ बंद झाला आता."

"मग? फरक आहे ना! लाल पेन घेऊन येतेय मी."