दोरी पळत नाही

“‘स्लो’ बॅच म्हणजे मंद मुलांची बॅच म्हणून सांगा त्यांना. मराठी तरी कळत असेल,” मोबाइलमधून मान वर न काढता सर्वेश अनंतरावांना म्हणाला.

समोर उमरीहून आलेल्या गुणाबाई उभ्या होत्या, शेजारी त्यांची लेक शिल्पा. लातूरच्या या क्लासचा सर्वेश मालक. अनंतराव इंग्रजी शिकवत. भोकरच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर स्वस्तात मिळतो, असं सर्वेश त्यांच्यादेखत सांगे. दोन वर्षं त्यांनी ते गिळलं होतं.

चाचणीत एका गुणानं शिल्पा ‘फास्ट’ बॅचमधून ‘स्लो’त घसरली होती.

“माझी पोरगी मंद न्हाई,” गुणाबाई म्हणाल्या. “पेपर तर बघा, सर.”

अनंतरावांनी पेपर पाहिला. नावेची दोरी खुंटाला ‘फास्ट’ बांधली होती, असं वाक्य. त्या ‘फास्ट’चा विरुद्धार्थी शब्द निवडायचा होता. शिल्पानं ‘लूज’ निवडला होता. उत्तरसूचीत ‘स्लो’.

“लूज का गं?”

“दोरी पळत न्हाई की, सर. तिथं फास्ट म्हंजी घट्ट हाय. मंग उलटा शब्द ढिला.”

“हिचं बरोबर आहे,” अनंतराव म्हणाले.

सर्वेश हसला. “फास्टच्या उलट स्लो, हे पहिलीतल्या पोराला कळतं. सूची मी काढलीय.”

“मग चुकीची काढलीस.”

“चारशे पोरांचा निकाल लावलाय. एका खेड्यातल्या पोरीसाठी बदलू? तुम्हीपण स्लोच झालात, सर.”

“मी हळू चालतो, मला स्लो म्हण. पण हिला मंद म्हणायला आधी शब्दाचा अर्थ ठाऊक असावा लागतो.”

“उद्यापासून येऊ नका.”

अनंतरावांनी लाल फुली खोडली, एक गुण वाढवला, खाली पूर्ण सही केली आणि पेपर शिल्पाला दिला.

गुणाबाईंनी सर्वेशकडं पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “चल गं. शिकवणारा एकच होता हितं, त्योबी चालला.”

तिघं रस्त्यावर आले. बसथांब्याकडं चालू लागले. मग शिल्पानं विचारलं, “सर, फास्ट आन् क्विकमदी काय फरक असतो ओ?”

“गाडी धावते ती फास्ट. तू मघाशी उत्तर दिलंस ते क्विक...” ट्रकांच्या आवाजावर आवाज चढवत अनंतराव सांगू लागले.

गावाकडं नेणारी नांदेडची बस समोरून आली. गुणाबाईंनी हात केला नाही.