निनवेचा उपास

शमूनीची बोटं सकाळपासूनच थरथरत होती, आणि दगडालाही नेमकी आजच सुटायची बुद्धी झाली.

इराकमधल्या मोसुलला, म्हणजे जुन्या निनवेच्या जागी, नबी युनूसच्या टेकडीखाली चोरांनी पोखरलेल्या बोगद्यात, तडा गेलेली कोरीव शिळा भिंतीपासून पुढे सरकली. मुकादम अबू गझवान झेपावले आणि दोन्ही तळवे नि छाती लावून तिला थोपवून उभे राहिले. शिळा वाचवायला शमूनीसोबत उतरलेली बाकीची माणसं टेकूची लाकडं आणायला नुकतीच वर गेली होती.

"तड्यावर पट्ट्या लाव, पोरी," ते म्हणाले. "बायको रोज म्हणते, जा, दगडावर डोकं आपटा. आज खूश होईल."

शमूनीने कापडाची पट्टी सरसात बुडवली. शिळेवर नदी कोरली होती, नदीत मासे. पट्टी भलतीकडेच चिकटली. सोलायला गेली तर एका माशाची शेपटी निघून आली. वरून मूठभर माती अबू गझवान यांच्या मानेवर पडली.

"काय झालंय तुला?"

"उपासाचा तिसरा दिवस आहे, अम्मो." ती मुकादमांना काकाच म्हणायची.

"पाण्याचा घोटसुद्धा नाही?"

"नाही."

निर्वासितांच्या छावणीतही तिने हा उपास मोडला नव्हता. योना प्रेषिताने सांगितलं होतं, शहर उलथून पडणार. निनवेकरांनी अन्नपाणी सोडलं आणि शहर वाचलं. तेव्हापासून तिच्या ख्रिस्ती बखदीदा गावात घरोघर हे तीन दिवस पाळतात. आई दर वर्षी म्हणते, एकाने जरी मोडला तर... पुढचं ती कधी बोललीच नाही.

"तुमचा योना तोच आमचा युनूस," अबू गझवान धापा टाकत म्हणाले. "राजाने तेव्हा गुराढोरांनाही उपाशी ठेवलं म्हणतात. तू बैल आहेस का? माझ्या खिशात चहाची बाटली आहे. मला हात काढता येत नाही, तूच घे."

"सूर्य बुडायला अजून..."

"सूर्याचं राहू दे, माझे गुडघे बुडाले!"

तिने खाली पाहिलं. म्हाताऱ्याच्या पोटऱ्या लटलटत होत्या. शिळा खाली आली तर आधी त्यांच्याच पायांवर.

तिने खिशात हात घातला. अबू गझवान यांनी डोळे गच्च मिटले. गार, गोडमिट्ट चहा घशाखाली उतरला आणि तिला रडूच फुटलं. हळूहळू डोळ्यांपुढची अंधारी विरली. मग पट्टीशेजारी पट्टी बसत गेली, लाकडं येऊन टेकू लागेपर्यंत.

अबू गझवान मटकन खाली बसले. "मी काही पाहिलं नाही हं."

"ज्याने पाहायचं त्याने पाहिलं." शमूनीने बाहीने नाक पुसलं. "आता आईला सांगायचंय."

"मी येऊ बरोबर?"

"नको. बाटलीत काही उरलंय का, ते सांगा."