नेरिसाचं उंबराचं पाणी

"झिरो म्हणजे काय? नीट मराठीत सांग!" स्टॅनलीची बायको विल्मा फोनवर ओरडली. मागे तिच्या भावाचा, रेमंडचा, आवाज येत होता.

"झिरो म्हणजे काय नाय. विहिरीत औषध नाय. पाणी साफ," स्टॅनली म्हणाला.

पलीकडे एवढा गलका झाला की त्याला फोन कानापासून लांब धरावा लागला. परळच्या त्या प्रयोगशाळेत आजवर त्याच्या कुठल्याही आकड्यावर कुणी एवढं खूश झालं नव्हतं. तो खुर्चीत टेकला. पाय दुखत होते, डोळे चुरचुरत होते, आणि लग्नघरातली सगळी धावपळ अजून पुढेच होती.

स्टॅनलीच्या मुलीचं, नेरिसाचं, लग्न रविवारी होतं. ठाकूरद्वारजवळच्या त्यांच्या वाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली होती, पण रीत टिकून होती. लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून वाडीच्या विहिरीवर जायचं, घागर भरून आणायची आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालायचं. याला उंबराचं पाणी म्हणतात. विल्मा त्याच पाण्याने न्हाली होती, तिची आईसुद्धा. व्हिडिओत विहीर चांगली दिसावी म्हणून रेमंडने कट्ट्याभोवतीचं गवत मारायला कुठूनतरी तणनाशक आणलं, फवारलं, आणि कट्ट्यावरच पंप धुऊन मोकळा झाला. धुवण विहिरीत गेलं की नाही, ते त्याचं त्यालाच सांगता येईना. हौसेला मोल नसतं म्हणतात. रेमंडच्या हौसेला अक्कलही नव्हती.

मोठ्या लॅबचा रिपोर्ट यायला पंधरवडा लागणार, आणि उंबराचं पाणी उद्यावर आलेलं. मग सगळ्यांना एकदम आठवलं, की आपला स्टॅनली असलंच काहीतरी करतो.

इतकी वर्षं वाडीला वाटायचं, तो महापालिकेच्या पाणीखात्यात आहे. नळ गेला की माणसं त्याच्याच दारात. समजावून सांगायचा नाद त्याने कधीच सोडला होता. सांगणार तरी काय? पाण्यातलं तणनाशक ओळखणारं एक छोटं यंत्र त्याच्या संस्थेत बनत होतं. मसुराच्या दाण्याएवढी कार्बनची चकती पाण्यात बुडवायची, तिच्यातून वीज सोडायची. औषध असेल तर पडद्यावरच्या रेघेला टेंगूळ येतं, नसेल तर रेघ सपाट. ती चकती दर वेळी ओल्या पांढऱ्या पावडरीवर इंग्रजी आठाचा आकडा काढत आरशासारखी घासावी लागते. स्टॅनलीचा जन्म तो आठ गिरवण्यात गेला. यंत्र मात्र अजून संस्थेच्या दाराबाहेर पडलं नव्हतं.

"स्टॅनली, अजून इथेच? घरी लग्न ना?" उन्मेष सर आत आले. प्रकल्प त्यांचा, वयाने स्टॅनलीच्या मुलासारखे.

"निघतोच सर. आमच्या विहिरीचं पाणी बघितलं. काय नाय त्यात."

सरांनी सपाट रेघ पाहिली. मग जरा संकोचून विचारलं, "यात आपलं थोडं औषध टाकून बघितलंत का?"

टाकलं नव्हतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, आणि इथे तर नवरीचा बाप. नवं पाणी आलं की आधी आपण मुद्दाम औषध घालायचं आणि यंत्राला ते दिसतंय ना, ते पाहायचं. मगच यंत्राच्या ‘नाही’ला अर्थ. हे त्याने असंख्य वेळा केलं होतं. आज त्याने आधी फोन केला होता.

त्याने चकती पुन्हा घासली. विहिरीच्या पाण्यात औषधाचा थेंब सोडला. रेघ सपाट. आणखी सोडला. तरी सपाट. पाणी मचूळ, त्यात कुजलेल्या पानांचा अर्क. चकती बाहेर काढली तर तिच्यावर तपकिरी साय धरलेली. यंत्र आंधळं झालं होतं.

"डिस्टिल्ड वॉटरमध्ये किती छान चालतं हो," उन्मेष सर म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता. मग हळूच म्हणाले, "एका आंघोळीने काही होणार नाही, स्टॅनली. विहिरीत गेलंही नसेल. घरी सांगून झालंय ना? मग राहू द्या."

राहू देणं सोपं होतं. घरी पोचेपर्यंत त्याच्या मनात तेवढंच होतं.

अंगणात मोठ्या कढईत लग्नासाठी मैद्याचे गोल फुगे तळणं चाललं होतं. विल्माने त्याला पाहिलं आणि हातातला झारा उंचावून हसली. ते हसू पाहून त्याला फार वाईट वाटलं.

"विल्मा, ते झिरो खरं नाय."

"म्हणजे औषध आहे?"

"ते पण माहीत नाय. माझ्या मशीनला या पाण्यात काय दिसतच नाय, एवढंच माहीत आहे."

"अरे स्टॅनली, काय सायन्स लावलंय!" रेमंड पुढे आला. "उद्या बँड येतोय. एक घागर पाणी रे! मरतंय काय कोण?"

"तू तर बोलूच नको," विल्मा त्याच्यावर खेकसली. मग नवऱ्याकडे वळली. "अख्खा जन्म तू तिथे घासत बसलास. कधी काय विचारलं तुला? एकदा विचारलं. नि तू म्हणतोस माहीत नाय?"

यावर स्टॅनलीला राग आला असता तरी बरं झालं असतं. नुसता थकवा आला.

केसांना रोलर लावलेली नेरिसा दारात उभी होती. "डॅडी, मी न्हाऊ का नको, तेवढं सांग."

"नको, बाय."

"तू बाप म्हणून घाबरतोस."

"दुसऱ्याची पोर असती तरी नकोच बोललो असतो."

विल्माने पाठ फिरवली आणि पुढचा घाणा कढईत सोडला.

दुसऱ्या दिवशी बँड आला. विल्मा लाल लुगडं नेसून, घागर घेऊन पुढे निघाली. घरात कुणाशीच ती बोलली नव्हती, तेव्हा तिच्या मनात काय आहे ते स्टॅनलीला कळेना. तो सगळ्यांच्या मागून चालला. अडवायचं तर आत्ताच, असं दर पावलाला वाटत होतं. विहिरीभोवतीचं गवत पिवळं पडलं होतं. बायका गात होत्या. विल्माने घागर सोडली, भरली, ओढून कट्ट्यावर घेतली.

मग तिने गर्दीत नवऱ्याला शोधलं. आणि घागर कलती करून सगळं पाणी परत विहिरीत ओतलं.

गाणं थांबलं, बँडही थांबला. "अगो, हे काय करतेस?" रेमंड ओरडला.

तिने घागर आतून-बाहेरून पदराने कोरडी पुसली आणि डोक्यावर घेतली.

"थांबलात काय? वाजवा," ती बँडवाल्यांना म्हणाली.

घागर भरायला आता घरच्या नळापर्यंत सबंध गल्ली चालायची होती. एक हात रिकाम्या घागरीला लावून, मान ताठ धरून, ती एकेक पाऊल जपून टाकत निघाली. स्टॅनली धावत पुढे गेला आणि वाटेतल्या माणसांना बाजूला करू लागला, पाणी सांडू नये म्हणून.