ओटीपी कुणी दिला

मितेश काजूकतलीचा बॉक्स घेऊन दारात उभा राहिला आणि तिथेच कल्पिताचं डोकं फिरलं. वर्षभरात या धाकट्या भावाने कळव्याच्या तिच्या घराची पायरी चढली नव्हती. फोन केला तर उचलत नव्हता. आणि आज एकदम "ताई, कशी आहेस?"

"बस," ती म्हणाली. पाणीसुद्धा विचारलं नाही.

वर्षभर ती काय सोसत होती ते तिचं तिलाच ठाऊक. शीळफाट्याजवळची त्यांची जमीन रस्त्यात गेली आणि वडिलांच्या मागे मोबदला आईच्या, शकूच्या नावावर आला. बँकेत पडून काय होणार, बिटकॉइन घेऊ, असं मितेशने आईच्या डोक्यात भरवलं. त्याच्या डंपरचे हप्ते थकलेले. स्वतःच्या नावावर काही ठेवलं तर बँक उचलून नेईल, म्हणून ॲपवरचं खातं त्याने बहिणीच्या नावाने उघडलं. पॅन तिचं, आधार तिचं, मोबाइल नंबर तिचा. कारभार सगळा त्याचा. दिवाळीनंतर एक दिवस खातं रिकामं निघालं. सगळं बिटकॉइन बाहेरच्या कुठल्या तरी वॉलेटमध्ये गेलेलं, आणि ओटीपीशिवाय ते जाणं शक्यच नव्हतं.

"हिनेच कुणाला तरी दिला असणार," मितेश म्हणाला होता. म्हणताना रडलाही होता.

सगळ्यांनी ते मानलं. पोलिसात जायचं कल्पिताने तेव्हाच काढलं होतं, पण मितेशने "तुझंच नाव येईल" म्हणून घाबरवलं. आईने बोलणं टाकलं. चुलतभावाच्या हळदीत डोंबिवलीची मामी चारचौघींत म्हणाली, "एवढी शिकलेली, पण फोनवर कुणी गोड बोललं की झालं." आणि सगळ्यात वाईट म्हणजे कल्पिताला स्वतःलाच ते खरं वाटायला लागलं. पार्सलवाल्याला आकडे सांगितले होते ते हेच नसतील ना? गॅसवाल्याला सांगितले ते? नौपाड्यात ती डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. अनोळखी नंबरचा फोन वाजला की ती उचलायची नाही, आणि पेशंट डॉक्टरकडे तक्रार करायचे.

"एक गुड न्यूज आहे," मितेश म्हणाला. "बिटकॉइन सापडलंय."

कल्पिता उभी होती ती खुर्चीवर बसली. क्षणभर तिला हसूही आलं. "खरंच? कुठे?"

"एका साइटवर अडकलंय. तुझा एक फोटो पाहिजे, आधार कार्ड हातात धरून. आणि जुन्या ॲपमधून एक स्टेटमेंट. बाकी मी बघतो."

"कसली साइट?"

"अगं, स्वॅपची. प्रायव्हेट असते. नाव नाही, नंबर नाही, खातं उघडायची भानगड नाही. इकडून बिटकॉइन टाकायचं, तिकडून दुसरं कॉइन घ्यायचं. मोनेरो म्हणून असतं. एकदा त्यात फिरवलं की कुठून आलं, कुठे गेलं, कोणाच्या बापाला कळत नाही." बोलताना त्याला जरा चेवच आला होता. "पण यांना कसला तरी संशय आला आणि मध्येच अडकवलं. आता म्हणतात, ज्या खात्यातून निघालं त्या खातेदाराचा पुरावा द्या."

"कोणाला म्हणतात?"

"म्हणजे?"

"स्वॅप चोराने टाकला असेल ना? मग पुरावा चोराकडे मागतील. तुझ्याकडे कसा मागतात?"

 मितेश बॉक्सवरचं रबरबँड ओढत बसला.

"मित्या, मी काय विचारतेय?"

"भाऊबीजेला तुझा फोन घेतलेला मी," तो पुटपुटला. "फोटो काढायला म्हणून."

 तो पुढे बोलतच होता. डंपरचे हप्तेवाले मागे लागलेले, आईला हळूहळू परत देणारच होतो, वर्षभर हातसुद्धा लावला नाही, आता सगळं थंड झालंय म्हणून फिरवायला घेतलं.

"आणि माझं नाव घेतलंस ते?"

"तुला काय फाशी देणार होते का? घरातली गोष्ट घरात राहिली असती."

तिने बॉक्स उचलला आणि भिंतीवर मारला. मितेश दचकून उभा राहिला.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"आईकडे. हे सगळं तिच्यासमोर बोलायचं. फोटो पाहिजे ना तुला? चल मग."

त्याच्याच बाइकवर मागे बसून ती गावी गेली. वाटेभर तिने खांद्याला धरलं नाही, पाठीमागची लोखंडी कडी धरली. भावाला शिकवावं म्हणून तिने कॉलेजनंतर लगेच नोकरी धरली होती. ते आठवून तिचा संताप आणखी चढत गेला.

शकू पडवीत सुकट निवडत होती. मितेशने जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. म्हातारीचे हात थांबले. कल्पिता वाट बघत होती. आता आई उठेल, याच्या थोबाडीत देईल, आपल्याला जवळ घेईल.

"म्हंजे पैसं हायत," शकू म्हणाली. "मंग फोटू दे ना गो त्याला."

"आई, तू वर्षभर माझ्याशी बोलली नाहीस."

"चुकला तो. भाव हाय तुजा."

"आणि मी कोण आहे?"

 शकू पुन्हा सुकटीतला कचरा बाजूला काढायला लागली. भावाचा राग आला होता त्याच्या दसपट राग तेव्हा कल्पिताला आला.

"फोटो देते," ती म्हणाली, "पण पोलिसांना."

"ताई, वेडी झालीस का? सगळंच जाईल!"

"जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रजा टाकून ती नवऱ्याबरोबर पोलीस चौकीत गेली. "भाऊच आहे ना? आपसात मिटवा," हवालदार म्हणाला. "तुमच्या बहिणीच्या नावाने कुणी चोरी केली असती तर मिटवलं असतंत?" तिने एवढ्या मोठ्याने विचारलं की आतले साहेब बाहेर आले. तक्रार लिहून घेतली गेली. त्या साइटलाही तिने स्वतः कळवलं की खातं माझं आहे, स्वॅप मी केलेला नाही. चौकशी संपेपर्यंत कुणालाच काही मिळणार नाही, असं उत्तर आलं.

बिटकॉइन अजून तसंच अडकून आहे. मितेश तारखांना जातो, डंपर गेला, दुसऱ्याचा चालवतो. मामीने फोन करून विचारलं, "सख्ख्या भावावर केस करतात का गं?" कल्पिताने तिला हळदीतलं बोलणं शब्द न् शब्द ऐकवलं. मामीने फोन ठेवला.

आईचाही एकदा फोन आला. केस मागे घे म्हणाली. "आधी इथे ये," कल्पिता म्हणाली, "आणि 'तुझं चुकलं नाही पोरी' एवढं म्हण. मग बोलू."

शकू अजून आलेली नाही.